कोठीपासून सात फूट

२ फेब्रुवारी

गाडीची वाट आज पूर्ण झाली. फाटकापासून मागच्या गॅरेजपर्यंत एकावन्न फूट लांब, साडेनऊ फूट रुंद. लाल आणि राखाडी ब्लॉकची नक्षी मी कागदावर आखून दिली होती, तशीच्या तशी बसली आहे. गवंड्याने दोन ठिकाणी ब्लॉक उलटा लावला होता. मी उभा राहून काढायला लावला. एकतीस वर्षे वजनमापे निरीक्षक होतो, भल्याभल्यांच्या तागड्या जप्त केल्या. स्वतःच्या दारात वाकडे काम खपवून घेईन होय?

दुपारी जोराचा अवकाळी पाऊस झाला. आमची जागा फाटकाकडून मागे उतरती आहे. पूर्वी इथे माती होती, पाणी जागच्या जागी मुरायचे. आता ते सगळे वाहत येऊन गॅरेजसमोर थांबले. चिरंजीव गाडी घेऊन आले आणि दार उघडून थेट घोट्याएवढ्या पाण्यात उतरले. म्हणाले, "बाबा, वाट केलीत की हौद?" सूनबाई खिडकीतून हसली. पाचवा महिना लागेपर्यंत तिला कशाचे हसू आले नव्हते, ते नेमके आज आले. मला लागले.

आमची ही म्हणाली, "मातीच बरी होती." जे ऐकायचे नसते ते नेमक्या वेळी बोलण्यात हिचा हात कोणी धरणार नाही.

पाणी रस्त्यावर सोडता येत नाही, नगरपालिकेचा नियम आहे. म्हणजे शोषखड्डा करणे आले. जमिनीत खड्डा घ्यायचा, तो दगडांनी किंवा जाळीच्या पेट्यांनी भरायचा, वाटेचे पाणी त्यात सोडायचे आणि जमिनीला पिऊ द्यायचे. उद्यापासून अभ्यास सुरू.

५ फेब्रुवारी

शोषखड्ड्याची जागा नजरेने ठरवत नाहीत, चाचणी करून ठरवतात. एक फूट खोल भोक घ्यायचे, पाण्याने भरायचे, पातळी एक इंच उतरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघायचे. मी पोलादी पट्टी आणि स्टूल घेऊन बसलो. गवंडी भोके पाडत होता.

फाटकाजवळ चिकणमाती लागली. एक इंचाला दोन तास पाच मिनिटे. तेवढ्यात माझे वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचून झाले. मागच्या कोपऱ्यात, गॅरेज आणि खालच्या खोलीच्या मधल्या जागेत, मुरूम लागला. तिथे अख्खे भोक अकरा मिनिटांत रिकामे. अकरा! मी दुसऱ्यांदा भरले. पुन्हा अकरा.

मी गवंड्याकडे विजयी मुद्रेने पाहिले. तो कुदळीवर हनुवटी टेकून उभा होता. वयाने माझ्याएवढाच असेल, बोलतो मात्र शब्द उसने आणल्यासारखे. म्हणाला, "साहेब, एवढं झटपट पाणी जातंय म्हणजे ते कुठंतरी निघतंय."

"कुठे निघतंय ते पाणी बघून घेईल. आपलं काम वेळ मोजायचं," मी म्हणालो.

त्याचे म्हणणे असे की वाटेच्या मध्यावर, ब्लॉकखालीच खड्डा घ्यावा. तिथली माती मध्यम आहे. म्हणजे अकरा दिवस खपून बसवलेली नक्षी उचकटायची. हा माणूस माझ्या घरी काम करायला आला आहे की सूड उगवायला, कळत नाही.

६ फेब्रुवारी

नियम वाचला. "शोषखड्डा राहत्या घरापासून किमान पंधरा फूट अंतरावर असावा." मागच्या कोपऱ्यातली जागा घराच्या मुख्य भिंतीपासून सोळा फूट भरते. एक फूट जास्तच.

राहता राहिली खालची खोली. घराच्या मागे, उतारावर, जमिनीत अर्धी रुतलेली ही खोली आहे. खिडकी छताला टेकलेली, दोन पायऱ्या उतरून आत जायचे. तिची भिंत खड्ड्यापासून सात फुटांवर येते. तिथे अक्का राहते, माझी मोठी बहीण.

पण मी मंजूर नकाशा काढून पाहिला. नकाशात त्या खोलीवर स्वच्छ अक्षरात "कोठी" लिहिले आहे. कोठी म्हणजे सामान ठेवायची जागा. कोठी हे राहते घर नव्हे. तेव्हा पंधरा फुटांचा नियम तिला लागूच होत नाही. तीन वेळा वाचले, शंकेला जागा नाही. एवढ्या बारकाईने नकाशा वाचणारा माणूस या गल्लीत दुसरा दाखवा.

९ फेब्रुवारी

अक्का काठी टेकत वर आली. माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी आहे. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, तिनेच मला वाढवले. लग्न केले नाही. जन्मभर वाचनालयाची फाटकी पुस्तके उसवून, शिवून, नव्या पुठ्ठ्यांत बांधली. पाय दुखू लागले तशी दोन वर्षांपूर्वी इकडे आली. वाचनालय अजूनही महिन्याला एक पेटी पुस्तके पाठवते आणि ती खिडकीखाली बसून शिवते. ही जागाही खरे तर वडिलांची, आम्हा दोघांची. तिने हक्क सोडला तेव्हा कागद वाचलाही नाही. "तू मोजलंयस ना, मग झालं," म्हणाली आणि सही केली.

आज विचारत होती, "मापाड्या, तुझा खड्डा माझ्या भिंतीपासून किती लांब येणार रे?" लहानपणापासून ती मला मापाड्या म्हणते.

"सात फूट. पण नियमाप्रमाणे ती कोठी आहे."

"हो का? मग मी त्यातली बरणी," म्हणाली आणि हसली. ही मात्र हसली नाही. ही तांदूळ निवडत होती, तिने ताट जरा आपटले.

अक्का म्हणाली, "बघ बाबा. पुस्तकांना ओल सोसत नाही. माझं काय, मी काय आता नवीन पुठ्ठ्यात बसणार नाहीये."

मोजमापातले अक्काला काय कळणार? लहानपणी दाराच्या चौकटीला उभे करून माझी उंची मोजायची, तेव्हा डोक्यावर पुस्तक आडवे धरून पेन्सिलीची रेघ मुद्दाम एक बोट वर मारायची, मी खूश व्हावे म्हणून. शाळेत खरी उंची निघाली तेव्हा वर्गासमोर माझी शोभा झाली. खोट्या मापाचा राग मला तेव्हापासून आहे. ती गोष्ट मी तिला आजही ऐकवली. ती म्हणाली, "अजून टोचतंय का रे ते? एक बोटच तर होतं."

१० फेब्रुवारी

खड्डा कसला करायचा? तीन प्रकार आहेत. फोडलेल्या दगडांचा खड्डा साधा, पण दगडच निम्मी जागा खातात. भोके असलेल्या सिमेंटच्या कड्या एकावर एक रचता येतात, विहिरीसारखे दिसते. आणि प्लास्टिकच्या जाळीदार पेट्या, जवळजवळ पूर्ण पोकळ, त्यामुळे पाणी सर्वांत जास्त मावते. भोवती कापड गुंडाळायचे म्हणजे माती आत जात नाही.

गवंडी म्हणतो दगडांचा लहानसाच करा, आणि वरचे जास्तीचे पाणी बाजूच्या नाल्याला नळीने द्या. नळी टाकायला वाट आडवी कापावी लागेल. वाटेला हात लावायचा नाही हे याच्या डोक्यात कधी शिरणार?

पेट्या ठरल्या. तीन थर. हिशेबाने लागतो त्याच्या दुप्पट मोठा खड्डा. करायचे तर पुरून उरेल असे करावे.

१७ फेब्रुवारी

खड्डा भरून बुजवला, वाटेचे पाणी आत घ्यायला गॅरेजसमोर लोखंडी जाळी बसवली. वर गवताचे तुकडे बसवले. इथे काही आहे असे कोणाला सांगूनही पटणार नाही. गवंड्याने हत्यारे धुतली, पिशवीत भरली आणि जाताना खालच्या खोलीच्या दाराशी थांबून अक्काशी बराच वेळ बोलत उभा राहिला. तिच्याशी बरे याला शब्द सुचतात.

१२ मार्च

दोन दिवस मुसळधार अवकाळी. आजचा दिवस मी विसरणार नाही. छत्री घेऊन गॅरेजसमोर उभा राहिलो. पाणी यायचे, जाळीत शिरायचे, नाहीसे. थेंब साचला नाही. चिरंजीव गाडीतून उतरले, कोरडे बूट बघितले आणि म्हणाले, "मानलं बाबा." चौतीस वर्षांत हा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. मी वर येऊन उगीचच दाढी केली.

दुपारी अक्का. म्हणे भिंतीच्या पायथ्याला ओल आली आहे. अंथरूण गार लागते. मी म्हणालो, "अक्का, पावसात सगळीकडेच गार लागतं." ती म्हणाली, "तसं नाही रे. हात लावून बघ."

मी तिला समजावून सांगितले की तोंडी तक्रारीला अर्थ नसतो. माझ्या नोकरीतही आम्ही तोंडी तक्रार घेत नसू. नोंद पाहिजे. ज्या दिवशी ओल दिसेल त्या दिवशी भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारायची, शेजारी तारीख घालायची. मग मी येऊन पट्टी लावून बघीन. ती म्हणाली, "बरं, मापाड्या. नोंद ठेवते." मान खाली घालून पायऱ्या उतरली. चला, एकदाची पद्धत लागली.

२० मार्च

वाचनालयातून अक्काची पेटी परत आली. सोबत चिठ्ठी: पुस्तकांची पाने फुगली आहेत, शिवण चांगली असली तरी वास येतो, कृपया पुन्हा पाहावे. अक्काने चिठ्ठी दोनदा वाचली, घडी करून पदराच्या टोकात बांधली. पन्नास वर्षांत तिचे काम कधी परत आले नव्हते म्हणे. मी म्हणालो, "वय झालं आता, हात थरथरतात, चालायचंच." तिने दोन्ही हात पुढे धरून दाखवले. "हात नाही रे थरथरत माझे," एवढेच बोलली.

हिने तिला वर आमच्या खोलीत बसून काम करायला सांगितले. मी स्पष्ट सांगितले की खळीचा वास मला चालणार नाही, आणि माझे टेबल मी हलवणार नाही. अक्कानेच नको म्हटले. तिला समज आहे.

२ एप्रिल

हिचा हट्ट. गवंड्याला बोलावले. तो म्हणाला खड्ड्यात रंग ओता, कुठे निघतो ते दिसेल. कल्पना तशी शास्त्रीय आहे, मला आवडली. भडक हिरवा रंग आणला. सकाळी वीस बादल्या पाण्यात मिसळून जाळीत ओतला आणि दिवसभर पहारा केला. रस्त्याची गटार: काही नाही. शेजाऱ्यांची बाग: काही नाही. फाटक, गॅरेज, घराची मुख्य भिंत: काही नाही. दर अर्ध्या तासाला नोंद घेतली, सोळा नोंदी, सोळाही निरंक. वहीत लाल शाईने लिहिले, "पाणी पूर्णपणे जमिनीत शोषले जाते." हिला वही वाचून दाखवली. ही म्हणाली, "खाली गेला होतात का?" खाली कशाला जायचे? खाली कोठी आहे.

४ एप्रिल

गंमतच झाली. अक्काची पांढरी चादर दोरीवर वाळत होती, तिच्या एका कडेला हातभर हिरवा डाग. मी तिला म्हणालो, "अक्का, पांढऱ्या कपड्यांत रंगीत भिजवायचं नसतं, हे मी तुला शिकवायचं का?" बांधणीचे हिरवे कापड ती वापरतेच. त्याचाच रंग सुटला असणार.

अक्का दोरीजवळ उभी होती. खोकत होती, हल्ली खोकते. तिने चादरीकडे पाहिले, मग वाटेच्या नक्षीकडे, मग माझ्याकडे. म्हणाली, "हो रे. कापडाचाच असेल."

ही मागे उभी होती. काहीतरी बोलायला गेली, तर अक्काने तिचा हात धरला. बायकांचे आपसात काय चालते ते देवाला ठाऊक. दिवसभर ही माझ्याशी बोलली नाही. रात्रीचे जेवण ताटात वाढून झाकून ठेवले होते, गार.

१९ एप्रिल

अक्काचा खोकला हटत नाही म्हणून डॉक्टरांना घरी आणले. त्यांनी नळी लावून छाती तपासली आणि विचारले, "खोलीत ओल आहे का?" मी म्हणालो, अंदाजपंचे बोलणारा मी माणूस नव्हे, मोजून सांगतो.

जुन्या कचेरीतून ओल मोजायचे यंत्र मागून आणले. खोलीत गेलो. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदाच गेलो असेन. वास कोंदट आहे, पण म्हातारे माणूस राहते म्हटल्यावर तो असणार. तीन भिंती, तीन ठिकाणी, जमिनीपासून चार फुटांवर यंत्र लावले. तिन्ही ठिकाणी काटा कोरड्यावर. चौथ्या भिंतीला कपाट होते. ते पूर्वी तिथे नव्हते. अक्का त्याला पाठ टेकून उभी होती. मी विचारले, "रेघा मारल्यास का? नोंद?" ती म्हणाली, "मारल्यात. पण त्यात बघण्यासारखं काही नाही रे. जा, डॉक्टर खोळंबलेत."

कागद तयार केला: "सदर खोली प्रत्यक्ष मोजणी करून कोरडी आढळली." तारीख, सही, खाली कार्बनची प्रत. डॉक्टरांनी वाचून मान हलवली. मग वयामुळेच असेल म्हणाले आणि औषध बदलून दिले. प्रत हिने मागून घेतली. कशाला हवी होती कोण जाणे.

३ मे

अक्काला दवाखान्यात ठेवले आहे. दोन्ही बाजूंना न्यूमोनिया. चार दिवस पाऊस होता. वाटेवर थेंब साचला नाही.

८ मे

अक्का गेली. सकाळी साडेसहाला. मी पलंगाशी होतो. काल दुपारी शुद्धीवर होती तेव्हा तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "किती उंच झालास रे." मी पलंगाशेजारी स्टुलावर बसलेलो होतो.

काय लिहू? मला आई अशी एकच आठवते, ती हीच.

१४ मे

दुःख आहे, पण मी कुठे कमी पडलो असे मला वाटत नाही. डॉक्टर आणला, मोजणी केली, नोंद ठेवायला सांगितली. हिच्याशी हे बोललो तर ही उठून दुसऱ्या खोलीत गेली. वाचनालयातून माणूस येऊन उरलेली पुस्तके घेऊन गेला. वरची घेतली, खालच्या दोन रांगा तिथेच सोडल्या. उचलताना पुठ्ठे हातात येत होते.

२ जून

आज जेवताना ही म्हणाली, "बाळ यायला महिना राहिला. वरची तुमची खोली बाळ-बाळंतिणीला लागेल."

"आणि मी?"

"तुमचा पलंग आणि टेबल खाली."

मला वाटले थट्टा करते आहे. म्हणालो, "खाली? त्या खोलीत?"

हिने ताटाखालून एक कागद काढून माझ्यापुढे सरकवला. कार्बनची प्रत. "सदर खोली प्रत्यक्ष मोजणी करून कोरडी आढळली." ही म्हणाली, "सही तुमचीच आहे ना?"

चिरंजीव ताटात बघत होते. सूनबाई पाणी प्यायली. मी विचारले, "आणि तू कुठे झोपणार?"

"मी सुनेजवळ. तिला रात्री-अपरात्री लागलं तर."

लग्नाला छत्तीस वर्षे झाली. हिने माझ्याकडे इतका वेळ टक लावून कधी पाहिले नव्हते.

९ जून

हललो. दोन पायऱ्या उतरताना टेबलाचा पाय मोडला. अक्काचा पलंग काढून माझा लावला. कपाट अवजड आहे, तिथेच राहू दिले. खिडकीतून फक्त येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय दिसतात. आणि माझी वाट दिसते, अगदी डोळ्यांच्या पातळीवर. इथून पाहिले तर सहाव्या रांगेत एक ब्लॉक किंचित वर आला आहे.

२१ जून

परवापासून पाऊस. गादीची एक बाजू गार लागते. चपला बुरशीने पांढऱ्या झाल्या. सकाळी उठताना छातीत खडखड होते. हिला सांगितले. ही भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "नकाशात ती कोठी आहे. कोठीत माणूस राहत नाही. मग ओल लागणार कोणाला?"

वाक्याची धाटणी ओळखीची वाटली.

२३ जून

गवंड्याला बोलावले. म्हटले, वाट फोड. मधोमध नवा खड्डा घे, हा बंद कर. तो खाली आला, माझ्या उशाकडच्या भिंतीवर तळहात ठेवला आणि हात पँटला पुसला. म्हणाला, "साहेब, हे मी भोक पाडलं तेव्हाच बोललो होतो."

"मग पुन्हा का नाही बोललास? ओरडून सांगायचंस!"

"सांगणार होतो. अक्कांनी शपथ घातली. म्हणाल्या, त्याची वाट फोडायला लावू नको रे. उभ्या जन्मात लोकांचं खोटं शोधत फिरला, पहिल्यांदाच काहीतरी देखणं केलंय त्यानं."

मी खिडकीतून वाटेकडे पाहिले, मग त्याला म्हटले, तरी फोड.

खणायचे ठरवले, पण चिरंजीव आडवे आले. "बाबा, आता आठ-पंधरा दिवसांवर बाळ आलंय. दारात खणाखणी, धूळ, गाडी बाहेर, कशाला? आणि पाणी जातंय की छान. तुम्हीच म्हणालात ना, अकरा मिनिटांत?" मग जरा थांबून, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "म्हातारपणी असं वाटतं, बाबा. चालायचंच." गवंड्याला त्यांनीच फाटकापर्यंत पोचवले.

२४ जून

सकाळी एकट्याने कपाट ओढले. अर्धा तास लागला, दम लागला, पण सरकले.

मागच्या भिंतीवर अक्काच्या रेघा आहेत. पट्टी लावून मारलेल्या, सरळ, शेजारी तिच्या बारीक अक्षरात तारखा. १२ मार्च. २६ मार्च. ३ एप्रिल, तिथे भिंतीला अजून हिरवट झाक आहे. मग १५ एप्रिल. १८ एप्रिल, हातभर वर. सांगितली तशी नोंद ठेवली होती तिने.

पण माप बरोबर नाही. ओल जिथपर्यंत चढते तिथे वाळल्यावर खाराची पांढरी किनार राहते, ती भिंतीवर प्रत्येक वेळची स्वच्छ दिसते आहे. मी पोलादी पट्टी काढली आणि एकेक तपासली. तिची प्रत्येक रेघ खऱ्या किनारीच्या खाली आहे. कुठे कमी-जास्त नाही. पाचही ठिकाणी बरोबर एक बोट खाली.

एकतीस वर्षे मी खोटी मापे पकडली. कोणी स्वतःच्या फायद्यासाठी करायचे, कोणी पोटासाठी. असे माप कधी सापडले नव्हते. मी येईन, बघीन, आणि मला वाईट वाटेल, म्हणून ती या गार भिंतीशी खोकत वाकली आणि एक बोट खाली रेघ मारली. एवढेही पुरणार नाही असे वाटले तेव्हा दुखऱ्या पायांनी कपाट ओढून आडवे लावले. मी मात्र चार फुटांवर यंत्र लावून वर निघून गेलो. तिला मी मारले. हे मला इतके दिवस लिहिता येत नव्हते.

दुपारी पुन्हा पाऊस झाला. खिडकीतून बघत होतो. पाणी नक्षीवरून आले, जाळीत शिरले, नाहीसे झाले. संध्याकाळपर्यंत भिंतीवरची ओल तिच्या शेवटच्या रेघेच्या वर गेली. कपाटाच्या खणात तिची पेन्सिल सापडली. मी आजची तारीख घातली आणि रेघ बरोबर ओलीच्या कडेवर मारली. एक बोट खाली मारायची तर कोणासाठी?